दारू सुटल्यावरचे पहिले तीन महिने : कोणतं काम आधी, कोणतं नंतर

कोल्हापुरात एखाद्या घरात दारू सोडायची ठरली की सुरुवात बहुतेक शपथेनं होते. अंबाबाईसमोर, जोतिबाच्या डोंगरावर, नाहीतर लेकराच्या डोक्यावर हात ठेवून. शपथ घेणारा माणूस त्या घडीला खरंच बोलत असतो. पण दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात, आठवडाभर झोप लागत नाही, पगाराच्या दिवशी जुने सोबती गेटवर उभे असतात आणि शपथ मोडते. मग घरचे म्हणतात, "ह्याच्यात दमच न्हाई." दम कमी पडलेला नसतो, कामं उलट्या क्रमानं झालेली असतात.

आधी शरीर, मग झोप आणि जेवण, मग पैसा आणि येण्याजाण्याची वाट, मग संध्याकाळ, मग माणसं, असा क्रम धरा. शपथ घ्यायचीच असेल तर ती या सगळ्यानंतर. खालचं सगळं रोज पिणाऱ्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी लिहिलं आहे. पिणारी बाई असेल तरी क्रम हाच. लाजेपायी तिला दवाखान्यात न्यायला घरचे आणखी उशीर करतात, तेवढं टाळा.

तयारी : सोडण्याआधीचे दोन-तीन दिवस

एक वही घ्या आणि त्यात खरं लिहा. रोज किती जाते, क्वार्टर की जास्त, देशी, विदेशी की हातभट्टी. सकाळी उठल्यावर लागते का. याआधी सोडली तेव्हा फिट आली होती का, भास झाले होते का. झोपेच्या गोळ्या, मावा, तंबाखू, गांजा यांतलं सोबत काय चालतं. बीपी, शुगर, कावीळ यांचे जुने कागद त्याच वहीत ठेवा. डॉक्टरांसमोर बसल्यावर माणूस निम्मं सांगतो आणि बायको दुप्पट सांगते. वही असली की तो वाद तिथं होत नाही.

दुसरं काम म्हणजे घरातला एक माणूस ठरवणं. औषधं, तारखा, फोन हे सगळं तो बघेल. ही जबाबदारी एकट्या बायकोवर टाकू नका. तिनं आधीच बरंच सोसलेलं असतं, आणि नवराही तिचं बोलणं भांडण समजूनच ऐकतो. भाऊ, मेहुणा, मोठी बहीण, कधी मामा, ज्याच्याशी तो नीट बोलतो असा कुणीही चालेल.

> सावध : रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलटी, घबराट सुरू होते. फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, माणूस ओळख विसरतो, अंगावर किडे चढतात असं म्हणतो. या अवस्थेत मृत्यूही येऊ शकतो. याआधी कधी फिट आली असेल तर पुढच्या वेळचा त्रास बहुधा जास्त असतो.

खोलीत कोंडून "तीन दिवस काढ, सुटंल" म्हणणं हा आपल्याकडचा सगळ्यात जीवघेणा उपाय आहे.

टप्पा १ : पहिलं पाऊल डॉक्टरकडे

कोल्हापूर शहरात किंवा जवळपास असाल तर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर, हा सरळ मार्ग आहे. केस पेपर काढा आणि मानसोपचार विभागात जा. "येड्याच्या डॉक्टरकडं कशाला?" असं कुणीतरी म्हणेलच. दारूचं व्यसन हा आजार आहे आणि त्याचे डॉक्टर तेच आहेत. गावात असाल आणि आधी नुसतं विचारायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा वेगळा नंबर आहे.

घरी राहून औषधं घ्यायची की भरती व्हायचं, हे डॉक्टर ठरवतील. आधीच्या फिट, भास, लिव्हरचा त्रास, वय, घरात लक्ष ठेवायला माणूस आहे की नाही यावर ते अवलंबून असतं. दारू उतरवण्याच्या काळात ज्या गोळ्या देतात त्यांचा डोस रोज थोडा थोडा कमी करत नेतात. त्यांची चिठ्ठी पाळा. "बरं वाटतंय" म्हणून गोळ्या मध्येच बंद करू नका आणि झोप येते म्हणून महिनाभर वाढवूही नका. दारूची जागा गोळीनं घेतली तर एक व्यसन जाऊन दुसरं आलं एवढंच.

इथं सलाईनबद्दल सांगायलाच हवं. पिऊन गळून गेलेल्या माणसाला ग्लुकोजची बाटली लावून घ्यायची आपल्याकडे रीत पडली आहे. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात व्हिटॅमिन बी-१ फार कमी झालेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून सलाईन लावणाऱ्याला आधी स्पष्ट सांगा, "रोज पितात, बी-१ आधी द्याल का?" असं विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं असेल तर पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन बघा. नोंदणीचा कागद मागा. डॉक्टर किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कुठं नेतात, घरच्यांना भेटू देतात का, ते विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे. मारहाण करून "सरळ करणारं" केंद्र सापडलं तर तिथून परत फिरा.

> तपासा : फिट आली, माणूस बरळायला लागला, तोल जाऊ लागला, डोळे वेगळेच फिरायला लागले किंवा रक्ताची उलटी झाली तर १०८ ला फोन करा. फिट आलेल्याला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

टप्पा २ : पहिले पंधरा दिवस फक्त झोप आणि जेवण

या पंधरा दिवसांत माणसाला कामाला लावू नका, उपदेश करू नका, जुने हिशेब काढू नका. शरीर सावरायला वेळ लागतो. झोप तर काहींना कित्येक आठवडे नीट लागत नाही. रात्री दोन वाजता जागा बसलेला माणूस "एक घोट घेतला तर झोप लागंल" या विचारापाशी येतो, आणि दारू परत सुरू होण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. म्हणून झोप लागो न लागो, झोपायची आणि उठायची वेळ एकच ठेवा. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त लवंडू नये. संध्याकाळनंतर चहा बंद. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.

जेवण थोडं थोडं, पण वेळेवर. भाकरी, डाळ, उसळ, अंडी, दही, केळं. तांबडा रस्सा आणि कटाची मिसळ काही दिवस बाजूला, कारण पोटाचं आतलं अस्तर दारूनं दुखावलेलं असतं. बऱ्याच जणांना गोड खावंसं वाटतं. शुगर नसेल तर खाऊ द्या, त्यावरून टोमणे मारू नका.

सकाळी अर्धा तास चालणं पहिल्या आठवड्यानंतर सुरू करा, तेही डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर. रंकाळ्याच्या कडेनं किंवा विद्यापीठाच्या परिसरात चालणारी शेकडो माणसं सकाळी असतात, त्यात कुणी कुणाकडं बघत नाही. पूर्वी तालमीत घाम गाळलेला माणूस पहिल्याच दिवशी जोर-बैठका काढायला निघतो. त्याला थांबवा. गळालेल्या अंगावर एकदम ताण आला की दुसऱ्या दिवशी अंग मोडून येतं आणि अंग दुखण्यावर त्याला एकच औषध ठाऊक असतं.

तंबाखू आणि मावा याच वेळी सोडावा का? दोन्ही एकदम सोडल्यानं दारू परत सुरू होते, हा समज बरोबर नाही. जमत असेल तर सोडा, आणि मदतीसाठी १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्याचा मोफत नंबर आहे. नाही जमलं तर त्यासाठी दारू सोडणं लांबवू नका.

टप्पा ३ : पैसा आणि वाट

घरातल्या बाटल्या, ग्लास, सोड्याचे क्रेट, गाडीच्या डिकीतली चपटी हे सगळं त्याच्यासमोर आणि त्याच्या संमतीनं बाहेर काढा. पाहुण्यांसाठी ठेवलेली "चांगली" बाटलीसुद्धा.

त्यानंतर पैशाच्या दिवसांची यादी करा. आपल्या जिल्ह्यात ते दिवस ठरलेले असतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांतला पगार. गावाकडं दर दहा दिवसांचं दुधाचं बिल. ऊसबिल. दिवाळीचा बोनस आणि दूध संस्थेचा फरक. हातात रोख आणि सोबत जुनी टोळी, असा जोड या दिवशीच लागतो. पहिले तीन महिने पगार जमा होताच घरच्या खात्यात वळता व्हावा, त्याच्याकडे रोजच्या पेट्रोल-चहापुरते पैसे राहावेत, असं त्याच्याशी बसून ठरवा. फोनवरून पैसे पाठवण्याची मर्यादाही कमी करून घ्या, कारण आता वाइन शॉपला रोख लागत नाही. हे सगळं त्यानं स्वतः मान्य केलेलं असावं. एटीएम कार्ड हिसकावून घेतलं तर तो उसनवारी करतो, आणि ती तुम्हाला महिनाभरानंच कळते.

वाट बदलणं लोकांना किरकोळ वाटतं. कामावरून सुटल्यावर ज्या चौकातून गाडी आपोआप बारकडे वळायची, तो चौक टाळा. दहा मिनिटं जास्त लागली तरी चालेल. न पिणाऱ्या सहकाऱ्याच्या गाडीवर मागं बसून यायचं ठरवलं तर अजून बरं, कारण दुसऱ्याच्या गाडीवर असताना मध्ये उतरायला कारण सांगावं लागतं.

टप्पा ४ : सहा ते नऊ

सगळ्यात जास्त घसरण होते ती संध्याकाळी, आणि सगळ्यात कमी तयारी असते तीही संध्याकाळचीच. दारू सुटली की रोजचे तीन तास रिकामे होतात. ते कशानं भरायचे, हे आधीच ठरलेलं नसेल तर माणूस गॅलरीत उभा राहतो, मग "जरा चौकात जाऊन येतो" म्हणतो.

साडेपाच-सहाला पोटभर खाणं, हे पहिलं. भुकेलं पोट आणि दारूची ओढ यांतला फरक सुरुवातीला कळत नाही. थालीपीठ, उकडलेली अंडी, शेंगदाणे-गूळ, काहीही, पण कामावरून आल्या आल्या.

दुसरं, बाहेर पडायचंच असेल तर ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या माणसासोबत. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी ग्लासभर म्हशीचं दूध घेऊन उभं राहणं ही आपल्या गावानं दिलेली सोय आहे. तिथं गप्पा आहेत, गर्दी आहे, हातात ग्लास आहे. पोट किंवा लिव्हर नाजूक असेल तर धारोष्ण दूध नको, घरी उकळून घ्या. मुलांचा अभ्यास घेणं, जनावरांची धार काढणं, भाजी आणणं, मैदानावर फुटबॉल बघणं, यांतलं त्याला जे रुचेल ते. रोज तेच असलं तरी चालतं, उलट रोज तेच असलेलं बरं.

तिसरं, ओढ आली तर काय करायचं ते लिहून भिंतीवर लावा. ओढ येते, चढते आणि बहुतेक वेळा १५ ते ३० मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्यायचं, जागा बदलायची, ठरलेल्या माणसाला फोन लावायचा. फोनवर मोठं बोलायची गरज नाही, "ओढ आलीया, दहा मिनिटं बोल माझ्याशी" एवढं पुरतं. आणि स्वतःला चार गोष्टी विचारायच्या: भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, दमलोय का. चारांतलं एक तरी बहुधा सापडतं, आणि त्यावर दारूशिवाय दुसरा इलाज असतो.

> तपासा : आठवड्याच्या शेवटी बघा, सातपैकी किती संध्याकाळी आधी ठरवल्याप्रमाणे गेल्या? चारपेक्षा कमी असतील तर माणसाला दोष देऊ नका, बेत बदला.

टप्पा ५ : माणसं

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारा गट. त्याच्या सभा मराठीत होतात, फी नसते, नावापुढं आडनाव लावावं लागत नाही. पहिल्या सभेत काही बोलायची सक्ती नसते, मागं बसून नुसतं ऐकलं तरी चालतं. बरेच जण एकदा जाऊन "आपल्याला न्हाई जमत" म्हणतात. निदान चार-पाच सभा करा, मग ठरवा. घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाचे वेगळे गट असतात. माणूस अजून पीत असला तरी बायकोनं, आईनं तिथं जावं, कारण त्यांचीही झोप उडालेली असते.

घरात बोलायचं कसं, यावर खूप काही ठरतं. "आज घेतली न्हाईस न्हवं? बघू, तोंड उघड," असं दारात उभं राहून विचारलं की माणूस आतून मिटतो. त्याऐवजी, "दादा, आज कामावर कसं गेलं?" असं विचारा आणि उत्तर पुरतं ऐका. संशय येणार, तो चुकीचाही नाही, वर्षांचा अनुभव आहे. पण संशय विचारायचा असेल तर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसानं, सरळ विचारावा. रोज खिसे तपासण्यानं विश्वास परत येत नाही.

जुन्या सोबत्यांना काय सांगायचं, याची उजळणी घरी करून घ्या. लांबलचक कारण दिलं की समोरचा ते खोडतो. "डॉक्टरांनी बंद केलीया, गोळ्या चालू हायत" हे एक वाक्य. "एकच घे की भावा" आलं तर तेच वाक्य पुन्हा, आणि निघायचं.

> सावध : "न कळता दारू सोडवा" अशी पावडर किंवा गोळी चहा-आमटीत मिसळून देऊ नका. दारू घेतल्यावर त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी डायसल्फिराम ही गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या, धडधड, बीपी कोसळणं आणि काही वेळा मृत्यूही होतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ती डॉक्टरांनी तपासण्या करून आणि माणसाच्या पूर्ण माहितीत द्यायची असते. अनोळखी पावडरीत काय आहे हे तर देणाऱ्यालाही सांगता येत नाही. ओढ कमी करणारी वेगळी औषधं आहेत, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

टप्पा ६ : कॅलेंडर समोर ठेवा

भिंतीवरचं कॅलेंडर काढून धोक्याच्या तारखांना खूण करा. आपल्याकडं सगळ्यात अवघड महिना आषाढ. त्र्यंबोलीची यात्रा, गल्लोगल्लीची मटणाची जेवणं, मग गटारी. त्यानंतर गणपतीची विसर्जन मिरवणूक, लग्नाच्या आदल्या रात्री, ३१ डिसेंबर, रंगपंचमी, आणि निवडणूक असेल तर तो सगळा महिना.

प्रत्येक खुणेपुढं तीन गोष्टी लिहा: जायचं की नाही, सोबत कोण, किती वाजता परतायचं. पहिल्या तीन महिन्यांत जिथं बाटली फुटणार हे माहीत आहे तिथं न जाणं हाच शहाणपणा. देवाच्या नैवेद्याला दिवसा जा, जेवण करून या, रात्रीच्या बैठकीला थांबू नका. मंडळाचा जुना कार्यकर्ता असेल तर मिरवणुकीतून त्याला पूर्ण तोडू नका. वर्गणीचा हिशेब, प्रसादाचं जेवण, सकाळची आरती अशी दिवसाची कामं मागून घ्या. मयताच्या घरी, बाराव्यालाही काही ठिकाणी बाटली निघते. तिथं दुःख आणि दारू एकत्र समोर येतात, म्हणून तिथं एकट्यानं जायचंच नाही.

टप्पा ७ : घसरला तर

घसरण होऊ शकते, अगदी बऱ्या चाललेल्या माणसाचीही. त्या रात्री भांडू नका, प्यालेल्या माणसाशी चर्चा होत नाही. तो सुरक्षित झोपला आहे ना, कुशीवर आहे ना, गाडीची किल्ली बाजूला आहे ना, एवढंच बघा. डायसल्फिराम चालू असेल तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

दुसऱ्या दिवशी, शक्यतो २४ तासांच्या आत, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला कळवा. एक दिवस घेतली की "आता गेलंच सगळं" म्हणून आठवडाभर पीत राहणं, नुकसान खरं तिथं होतं. सलग अनेक दिवस घेतली असेल तर घरीच परत एकदम बंद करू नका, टप्पा १ पासून सुरू करा. ब्राउन शुगर किंवा इंजेक्शनचं व्यसन असलेल्यांना घसरण झाली तर धोका फार मोठा आहे. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीचाच डोस जीव घेऊ शकतो.

मग वहीत लिहा: किती वाजले होते, कुठं होता, सोबत कोण, खिशात किती पैसे, त्या दिवशी जेवला होता का, आदल्या रात्री झोपला होता का. दोष कुणाचा ते लिहू नका. चुकलेला टप्पा या नोंदीत सापडतो, आणि तेवढाच टप्पा दुरुस्त करायचा.

दारू सुटून तीन-चार आठवडे झाले तरी उदासी हटत नसेल, कशात मन लागत नसेल, "माझ्यामुळं सगळ्यांचं वाटोळं झालं" असं बोलणं वाढलं असेल तर ते नाटक समजू नका. जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलला तर त्याला एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक आणि दोर नजरेआड करा, १४४१६ ला फोन लावा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. शेतकरी घरात फवारणीच्या औषधाचा डबा गोठ्यात उघडा पडलेला असतो, तो कुलपात ठेवण्याचं काम आजच करा.

तीन महिने झाले की पेढे वाटण्याआधी पुढची तारीख घ्या. औषधं चालू असतील तर ती कधी आणि कशी कमी करायची हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, लिव्हरची रक्ततपासणी परत करा, सभेचा वार तोच ठेवा. पगार परत त्याच्या हातात कसा आणि किती किती द्यायचा, तेही याच बैठकीत त्याच्यासोबत ठरवा आणि वहीच्या पुढच्या पानावर लिहून त्याची सही घ्या.